मदत हवी आहे: स्टेशनच्या पार्किंगमध्ये स्लो चार्जर की फास्ट?

नमस्कार मंडळी. रोज सकाळी माझी इलेक्ट्रिक गाडी स्टेशनच्या पार्किंगमध्ये लावून मी ट्रेनने कामावर जाते. गाडी तिथे सलग 9 तास उभी असते. आता तिथे चार्जर बसवायचे ठरतंय आणि प्रवाशांकडून सूचना मागवल्या आहेत.

बहुतेकांना 50 किलोवॉटचा फास्ट चार्जर हवाय. मला ते पटत नाही. तासाभरात गाडी चार्ज होईल, पण मालक संध्याकाळी येणार, तोवर जागा अडलेलीच! त्यापेक्षा 3.3 किलोवॉटचे साधे पॉइंट भरपूर द्यावेत. 9 तासांत जवळपास 30 युनिट मिळतात. रोजच्या 40 किलोमीटरला 6-7 युनिट पुरतात.

एकदा दुसरीकडे असंच झालं होतं. चार्जरवरचा हिरवा दिवा लागलेला, म्हणजे आधीच्या गाडीचं चार्जिंग संपलेलं, पण केबल तिलाच तशी अडकवलेली आणि माझी बॅटरी 11 टक्क्यांवर. खूप घालमेल झाली.

कुणी अशा ठिकाणी रोज चार्जिंग करतं का? एकाच लाइनवर अनेक गाड्यांना वीज वाटून देणारी यंत्रणा संध्याकाळपर्यंत सगळ्यांना पुरेसं चार्जिंग देते का? आणि पावसात उघड्यावरचे सॉकेट कसे टिकतात? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा, सूचना याच आठवड्यात द्यायच्या आहेत.