काळ्या ऑक्सफर्डच्या टोकाला आरशासारखी चमक हवी आहे, पण धुरकट थर राहतो – मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार,

माझ्याकडे काळ्या चामड्याचे ऑक्सफर्ड बूट आहेत, टोकावर आडवी शिवण असलेले, म्हणजे टो-कॅपवाले. चामडं गुळगुळीत आहे. पेटंट, म्हणजे चकचकीत लेप दिलेलं, नाही; स्वेड, म्हणजे मखमलीसारखी लव असलेलं, तेही नाही. नेहमीचं पॉलिश चांगलं होतं, ब्रश मारला की तुकतुकी येते. मला त्याच्या पुढची चमक हवी आहे. खोलीतला दिवा टोकावर नुसता उजळ डाग म्हणून न दिसता त्याच्या आकारासकट दिसतो, तशी.

आत्ता मी असं करते: नाड्या काढते, धूळ झटकते, ओलसर फडक्याने पुसते आणि कोरडं होऊ देते. मग बोटांभोवती फडकं गुंडाळून त्यावर पॉलिश घेते, पाण्याचे थेंब टाकते आणि गोल गोल घासते. सुरुवातीला खरंच चमक यायला लागते. थोड्या वेळाने ती धुरकटते, वर राखाडी साय आल्यासारखं दिसतं आणि गोल फराटे उठतात. आणखी जोर लावला की आणखी बिघडतं. शिवाय चालताना पाऊल जिथे वाकतं, तिथल्या चुण्यांमध्ये पॉलिशला बारीक पांढरट तडे गेले आहेत.

पाणी जास्त होतंय की पॉलिश? फडकं चुकीचं आहे का? आणि त्या तड्यांचं काय करायचं? हाताने आणलेली चमक मी पाहिलेली आहे. तिच्यात जी खोली असते, ती बाटलीतल्या पॉलिशला येत नाही. म्हणून नीट शिकायचं आहे. वेळ लागला तरी चालेल.

शिवण

आधी काही गोष्टी सांगा, म्हणजे नेमकं बोलता येईल. पॉलिश कुठलं? चपट्या डबीतलं मेणाचं, ट्यूबमधलं किंवा काचेच्या बरणीतलं क्रीम, की स्पंज लावलेल्या बाटलीतलं? फडकं कशाचं? आणि एक हात दिल्यावर दुसरा देईपर्यंत किती थांबता?

रानजाई

डबीतलं मेणाचं, काळं. फडकं जुन्या सुती टी-शर्टचं. थांबत नाही, सलग घासत जाते. आणि हो, सुरुवातीचे काही महिने या बुटांना स्पंजवालं झटपट पॉलिश लागत होतं, तेही सांगून ठेवते.

शिवण

मग बहुतेक उत्तर तुमच्या या शेवटच्या दोन वाक्यांतच आहे.

चमक येते कशी ते आधी बघू, म्हणजे बाकीचं सोपं होईल. चामडं हाताला कितीही गुळगुळीत लागलं तरी त्यावर रंध्रं असतात, बारीक चढउतार असतात. प्रकाश त्यांच्यावर पडून चहूकडे विखुरतो, त्यामुळे तुकतुकी दिसते पण प्रतिबिंब दिसत नाही. मेणाने हे खळगे भरले आणि वरचा पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश एकाच दिशेने परततो आणि दिव्याची आकृती दिसू लागते. थोडक्यात, चामड्यावर कडक मेणाचा एक सपाट पापुद्रा बांधायचा असतो. जोर लावून तो बांधला जात नाही.

आता डबीत काय असतं ते बघा. मेणं असतात, ती मऊ ठेवणारं टर्पेंटाइनसारखं द्रावक असतं आणि रंग असतो. डबी उघडल्यावर जो वास येतो तो या द्रावकाचा. बुटावर लावल्यावर द्रावक उडून जातं आणि मेण घट्ट होतं. तुम्ही न थांबता पुढचा हात देता तेव्हा त्यातलं ताजं द्रावक खालचा अजून न सुकलेला थर परत विरघळवतं. ओल्या भिंतीवर दुसरा हात मारला की पहिला रंग ब्रशबरोबर उचलून येतो ना, तसंच. ती राखाडी साय आणि ते फराटे म्हणजे उखडलेलं मेण आहे. म्हणूनच जास्त घासलं की जास्त बिघडतं.

स्पंजवाल्या पॉलिशचा मुद्दा वेगळा. त्या स्पंजात बहुधा सिलिकॉनचं तेल असतं. ते बुटावर निसरडा थर सोडतं आणि त्यावर मेणाची पकड नीट बसत नाही. तेव्हा आधी सगळं काढून टाका. चामड्याच्या बुटांसाठी मिळणारं क्लीनर फडक्यावर थोडं घ्या आणि फडक्याला काळं लागायचं कमी होईपर्यंत हलक्या हाताने पुसा. तुकतुकी जाऊन चामडं मॅट दिसायला लागलं की जुनं मेण निघालं असं समजा. चुण्यांमधले पांढरट तडे हेही जुनं मेणच आहे, तेही यातच निघून जाईल. मात्र मेण निघाल्यावरही रेघा दिसत असतील तर त्या चामड्याच्या आहेत, त्यांना पॉलिश हा इलाज नाही.

यानंतर कंडिशनर, अगदी थोडं. द्रावकाने चामडं कोरडं पडतं आणि कोरडं चामडं वाकताना चिरतं. कंडिशनर लावून शक्यतो रात्रभर ठेवा. ते आत मुरायच्या आधी मेण चढवलं तर खालून तेलकटपणा वर येतो आणि मेण कडक होत नाही.

दुसऱ्या दिवशी काळं क्रीम लावा, सुकू द्या, घोड्याच्या केसांच्या ब्रशने झटका. क्रीममध्ये मेण कमी आणि रंग जास्त असतो, त्याने रंग एकसारखा होतो. शू ट्री, म्हणजे बुटाचा आकार राखायला आत घालायचा साचा, असेल तर घाला, टोकाला खालून आधार मिळाला की बोट एकसारखं फिरतं.

आता खरं काम. पहिले थर पाण्याशिवाय. उघड्या बोटाने घेतलं तरी उत्तम, कारण बोटाच्या उबेने मेण मऊ होऊन रंध्रांत बसतं. टोकावर पातळ थर द्या, पाच-दहा मिनिटं सोडा, परत पातळ थर. या टप्प्यावर बूट मंद, जरा चिकट आणि अजिबात देखणा दिसत नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते घासायला लागतात. घासू नका. असे तीन-चार थर झाले की पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा.

मग फडकं. तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती घट्ट ताणून गुंडाळा, बोटांच्या टोकावर एकही सुरकुती नको. सुरकुती असली की तिचीच रेघ मेणावर उमटते. टी-शर्टचं फडकं चालतं, पण सुती फ्लॅनेल जास्त चांगलं. फडकं ओलसर करा, पिळून घ्या. डबीवर नुसतं टेकवा, बुडवू नका. टोकावर पाण्याचा एक थेंब टाका आणि नाण्याएवढ्या वर्तुळात फिरवा. दाब इतका कमी की फडक्याचं वजन आणि वर बोट नुसतं ठेवलेलं. ओला माग उमटून लगेच विरला पाहिजे. थेंब गोळा होऊन घरंगळत असतील तर पाणी जास्त आहे. फडकं अडखळत असेल, ओढल्यासारखं लागत असेल तर पाणी कमी आहे.

पाण्याचं काम काय, असाही प्रश्न पडेल. मेण आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. ओल्या फडक्याला मेण चिकटत नाही, म्हणून ते खालचा थर उचलत नाही, फक्त वरून सपाट करत जातं. आणि पाण्याने मेण गार राहतं, लवकर आवळतं.

जसजसं पुढे जाल तसं मेण कमी करत जा. शेवटच्या काही फेऱ्या जवळजवळ नुसत्या पाण्याच्या. धूर तिथेच विरतो आणि दिवा दिसायला लागतो.

उंबर

शिवण यांनी सगळं नीट सांगितलं आहे. एक भर घालतो: ही चमक फक्त टोक आणि टाचेची मागची बाजू इथेच आणा. या दोन ठिकाणी चामड्याच्या आत कडक अस्तर बसवलेलं असतं, त्यामुळे चालताना ते वाकत नाही. मधला भाग पावलागणिक दुमडतो. तिथे जाड मेण टिकूच शकत नाही, तडकणारच. रानजाई, तुमच्या चुण्यांतले तडे त्याचेच आहेत. टो-कॅपच्या शिवणीपाशी थांबा. शिवणीकडे येताना थर विरळ करत आणलात तर चमक एकदम तुटल्यासारखी दिसत नाही.

पॉलिशबद्दल: सगळ्या डब्या सारख्या नसतात. मधमाश्यांचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, कार्नोबा 82 ते 86 अंशांच्या आसपास. कार्नोबा ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि ते फार कडक असतं, आरशाची चमक मुख्यतः त्याच्या जोरावर येते. पण नुसतं कडक मेण पसरत नाही, म्हणून जोडीला मऊ मेण लागतं. नेहमीच्या डबीनेही काम होतं, वेळ जास्त लागतो एवढंच. सफीर कंपनीच्या मिरर ग्लॉससारखी खास याच कामाची पॉलिशं असतात, त्यांत कडक मेणांचं प्रमाण जास्त असतं. माझा सल्ला: पहिले थर साध्या डबीचे, शेवटचे कडक मेणाचे. सगळंच कडक मेण वापरलं तर धक्का लागताच टवका उडतो.

पारंबी

मी तर लायटरने पॉलिश वितळवून लावतो, वेळ वाचतो. सैन्यात पूर्वी असंच करायचे असं ऐकलं आहे.

उंबर

कृपया हे इथे कुणी करून बघू नका. डबीतलं द्रावक ज्वालाग्राही आहे, डबीनेच पेट घेतलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. बुटावर ज्योत धरली तर चामडं आकसतं आणि टणक होतं, ते परत पूर्वीसारखं होत नाही. ऊब हवीच असेल तर बोटाची पुरते. फार थंडीत डबी थोडा वेळ हातात धरून ठेवा.

शिवण

अगदी सहमत. खरं तर शेवटच्या टप्प्यात उलटं करायचं असतं, गारवा द्यायचा. बर्फाचं पाणी वापरणारे आहेत, त्याने मेण पटकन आवळतं. अगदी गरजेचं नाही, पण हवा गरम असेल तेव्हा फरक जाणवतो.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलं तसं सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून केलं. चुण्यांतले तडे गेले, म्हणजे चामडं शाबूत आहे, हे बघून फार बरं वाटलं. डाव्या बुटाच्या टोकात आता खिडकीची चौकट दिसते, गजांसकट! उजव्यावर मात्र चमक आहे पण आत बारीक ठिपके दिसतात, संत्र्याच्या सालीसारखे. पद्धत दोन्हींना तीच होती. काय झालं असावं?

आणि अजून एक विचारायचं राहिलं. तपकिरी बुटांनाही हेच करायचं का? आणि हे टिकवायचं कसं?

शिवण

खिडकीचे गज दिसले म्हणजे हात बसला. अभिनंदन!

ठिपक्यांची कारणं दोन असू शकतात. टोकावर नख हलकेच फिरवून बघा. खरखर लागली तर मेणात धूळ किंवा फडक्याचे धागे अडकले आहेत. फडक्याचा स्वच्छ भाग घ्या, किंचित जास्त पॉलिश आणि एक थेंब पाणी घेऊन तेवढाच भाग हळूहळू फिरवा. ताज्या द्रावकाने वरचा थर सैल होतो आणि कण निघून येतात. मग थांबा, आणि परत पातळ थर. डबीचं झाकण काम चालू असताना उघडं ठेवत असाल तर तेही बंद ठेवा, धूळ तिथूनच येते.

नख गुळगुळीत फिरलं आणि तरीही ठिपके दिसत असतील, तर ती रंध्रंच आहेत, अजून भरलेली नाहीत. एकाच जोडीतले दोन बूट चामड्याच्या वेगवेगळ्या भागांतून कापलेले असू शकतात, त्यामुळे एकाची रंध्रं मोठी असणं अगदी स्वाभाविक आहे. त्याला पाण्याशिवायचे आणखी एक-दोन थर बोटाने द्या आणि रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पाण्याच्या फेऱ्या करा. रात्रभर ठेवलेल्या थरावर काम किती सोपं होतं ते बघालच. एका बैठकीत पुरं करायचा हट्ट नको.

उंबर

तपकिरीबद्दल मी सांगतो. पद्धत हीच, पण रंग जपून. मेणाचे इतके थर चढतात की टोक बाकी बुटापेक्षा गडद होत जातं. काहींना ते मुद्दाम हवं असतं आणि छान दिसतंही. नको असेल तर पहिले थर बुटाच्या रंगाचे किंवा त्याहून एक छटा फिके द्या आणि वरचे बिनरंगी पॉलिशचे. काळ्यावर मात्र बिनरंगी शक्यतो टाळा, बारीक तडा गेला तर तो पांढरा उठून दिसतो.

टिकवण्याबद्दल: चमकवलेल्या टोकावर कडक ब्रश फिरवू नका, ओरखडे पडतात. धूळ मऊ कोरड्या फडक्याने टिपून घ्या, बाकी बुटावर ब्रश चालेल. धुरकट झालं तर पिळलेलं फडकं, नावापुरतं पॉलिश, एक थेंब पाणी, बहुतेक वेळा तेवढ्याने परत उजळतं. नुसत्या पाण्याच्या फेरीनंतर नायलॉनच्या जुन्या मोज्याने अलगद पुसलं तर शेवटचा धूरही जातो. ऊन लागेल अशा जागी बूट ठेवू नका, मेण मऊ पडून त्यावर धूळ चिकटते.

आणि अधूनमधून, थर जाड वाटायला लागला किंवा चामडं कोरडं दिसायला लागलं की, जीवावर आलं तरी सगळं मेण काढा. मेणाच्या खाली कंडिशनर पोचत नाही. काढा, कंडिशनर द्या, रात्रभर ठेवा आणि परत पहिल्या थरापासून सुरू करा. दुसऱ्या वेळी निम्म्या वेळात होतं, कारण कुठे थांबायचं ते हाताला कळलेलं असतं.

रानजाई

नख गुळगुळीत फिरलं, म्हणजे रंध्रंच. आज रात्री बोटाने दोन थर देऊन ठेवते आणि उद्या पाण्याच्या फेऱ्या करून इथे कळवते.