रात्र किती उजळावी? झांक्यांच्या छायाचित्रावरून एक चर्चा

मल्हारगंजकर :
अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरमध्ये निघणाऱ्या झांक्यांचे, म्हणजे गिरणी कामगारांच्या फिरत्या देखाव्यांचे, एक छायाचित्र आमच्या छायाचित्रण मंडळाच्या स्पर्धेत पहिले आले. राजवाड्यासमोरचा चौक, मध्ये दिव्यांनी लखलखणारी गिरणीची झांकी, आणि मागे दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसांचे चेहरे इतके स्पष्ट की कोणी गंध लावले आहे तेही सांगता यावे. मी त्या रात्री तिथेच उभा होतो आणि पायऱ्यांवर कोण बसले आहे हे मला दिसत नव्हते. संगणकावर ‘शॅडोज’ची (गडद भाग उजळणारी) पट्टी उजव्या टोकाला आणि ‘हायलाइट्स’ची (उजळ भाग दाबणारी) डाव्या टोकाला ओढली की असे चित्र मिळते. त्यातले आकाश सायंकाळी सातचे वाटते. झांकी मात्र चौकात आली तेव्हा एक वाजून गेला होता.

झांकीचा उजेड पहिल्या तीन-चार रांगांवर पडतो आणि मागे नुसत्या आकृत्या उरतात, हेच त्या रात्रीचे रूप आहे. ते पुसून टाकणाऱ्या चित्राला बक्षीस मिळू नये. पुढच्या वर्षीपासून स्पर्धेत एक्स्पोजर (एकूण उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून केलेला रंगांचा तोल) यांपलीकडे कोणत्याही बदलास परवानगी असू नये, असे मला वाटते.

रामबागवाली :
ते छायाचित्र माझे आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. झांकीवरचे एलईडी दिवे पांढरे फटक होऊ नयेत म्हणून मी मुद्दाम कमी एक्स्पोजर दिले, कारण एकदा जळालेल्या पांढऱ्या भागातून कोणतेही सॉफ्टवेअर काही परत आणू शकत नाही. त्यामुळे सावल्या डोळ्यांना दिसत होत्या त्याहूनही काळ्या आल्या. पायऱ्यांवर माझी आजी बसली होती आणि मी तिला रस्त्याच्या पलीकडून ओळखले होते. तिला चित्रात पुन्हा दिसू देणे हे खोटे कसे?

आपण ज्याला ‘बदल न केलेले’ म्हणता त्या जेपेगवरही, म्हणजे कॅमेऱ्यातूनच तयार होऊन आलेल्या चित्रावरही, कॅमेऱ्याच्या कंपनीने उजेड-अंधाराचे प्रमाण ठरवणारी स्वतःची वक्ररेषा चढवलेलीच असते. मी ती स्वतः काढते, एवढाच फरक. शिवाय एलईडी, रस्त्याचे पिवळे दिवे आणि दुकानांच्या ट्यूबलाइट एकाच चौकटीत असताना ‘योग्य’ व्हाइट बॅलन्स कोणता, हेही आपण सांगावे.

जुनी रीळ :
दोघांचेही थोडे चुकते आहे.

मल्हारगंजकर, अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरखाली (फिल्मवरून मोठी प्रत छापण्याच्या यंत्राखाली) हाताने उजेड अडवून चेहरा उजळवण्यात माझी निम्मी उमर गेली, आणि त्याला कोणी लबाडी म्हटले नाही. राजा दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात इंदूरलाच सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत असताना छायाचित्रणास आरंभ केला. त्या काळच्या काचेच्या पट्ट्या मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत, त्यामुळे जमीन नीट आली की आकाश कोरे येई, आणि पुष्कळ छायाचित्रकार छापताना दुसऱ्या पट्टीवरचे ढग जोडत. ‘जसे दिसले तसे’ ही अट तेव्हाही पाळता येत नव्हती.

परंतु रामबागवाली, आपण आजींकडे पाहिले तेव्हा आपली नजर अंधाराला सरावली होती आणि झांकीकडे वळलात तेव्हा दिव्यांना. छायाचित्रात दोन्ही क्षण एकदम दिसतात, म्हणून त्यांच्यातले अंतर राखणे हे छापणाऱ्याचे काम आहे. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीत) उजेडाच्या १६,३८४ पातळ्या असल्या तरी सर्वांत उजळ स्टॉपला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) त्यांतील ८१९२ मिळतात, पुढच्या प्रत्येकाला आधीच्या निम्म्या, आणि आठव्या स्टॉपवर ६४ उरतात. तिथून चेहरे ओढून काढले की लाल-हिरवे कण वर येतात, आणि ते पुसायला गेलात की कातडी मेणासारखी दिसते. आपल्या चित्रात डावीकडच्या तिघांचे तेच झाले आहे.

राजेंद्रनगर :
बातमी आणि कला यांची गल्लत होत आहे. २०१५ साली रॉयटर्सने आपल्या मुक्त छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेल्या प्रती पाठवू नका, कॅमेऱ्यातच जेपेग म्हणून टिपलेली चित्रे पाठवा, असे कळवले होते. वृत्तसंस्थेला ते शोभते. आमच्या मंडळाची स्पर्धा ही बातमी नव्हे.

मल्हारगंजकर :
झांक्यांचे छायाचित्र मात्र मला बातमीच्याच जवळचे वाटते. गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांनी झांक्या सोडल्या नाहीत, आणि पन्नास वर्षांनी ती रात्र कशी होती हे लोक याच चित्रांवरून ठरवतील. आजींबद्दलचे म्हणणे मात्र मला पटले, आणि व्हाइट बॅलन्सच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. माझा आक्षेप आता आकाशापुरता आणि त्या मेणाच्या चेहऱ्यांपुरता आहे.

रामबागवाली :
आकाश मी ठरवून उजळले नव्हते. शॅडोजची पट्टी संपूर्ण चित्रावर चालवल्याने ते ओघाने वर आले. आज मास्क लावून, म्हणजे चित्राचा तेवढाच भाग निवडून, आकाश दोन स्टॉप खाली घेतले, डावीकडचा भाग मूळ अंधारात सोडला आणि आजीपुरताच उजेड ठेवला. नवी प्रत मंडळाच्या फलकावर लावली आहे.

मल्हारगंजकर :
पाहिली. आकाश आता रात्रीचे आहे. आजी अजून अर्धा स्टॉप जास्त आहेत.