शब्दचर्चा : डिस्टोनियाला मराठीत काय म्हणावं? (‘ताण’ सोडून)

नौपाडकर
आधी माझी चूक सांगतो, मग प्रश्न.

आमच्या मावशीची मान दीड वर्षापासून उजवीकडे वळते. लचकली, आखडली असं काही नाही. टीव्हीसमोर बसली की हनुवटी हळूहळू उजव्या खांद्याकडे जाते. ती सरळ करते, पुन्हा जाते. मधूनच बारीक हिसके. खूप दारं फिरून झाल्यावर फाइलवर ‘सर्व्हायकल डिस्टोनिया’ असं लिहून आलं. घरात मी भाषांतरवाला, म्हणून सगळ्यांनी मलाच विचारलं, म्हणजे काय रे? मी शब्द फोडला. डिस म्हणजे बिघडलेला, टोन म्हणजे ताण. ‘मानेच्या स्नायूंचा ताण बिघडलाय’ असं सांगून मोकळा झालो.

संध्याकाळी डोंबिवलीच्या मामापर्यंत बातमी पोचली ती ‘ताणामुळे मान वाकडी झाली’ अशी. तेव्हापासून रोज कोणीतरी तिला सांगतं, टेन्शन घेऊ नकोस. मुलगा पहाटे तलावपाळीवर फेऱ्या मारायला नेतो, मन रमावं म्हणून. सुनेला वाटतं, बोट आपल्याकडेच आहे. परवा मावशी मला म्हणाली, ‘अरे, मी नक्की कसलं टेन्शन घेतलं होतं? आठवूनही आठवत नाही.’

डिस्टोनिया हा शब्द असू दे, पण जोडीला एखादा असा शब्द हवा की सोसायटीच्या जिन्यात उभ्या-उभ्या सांगता येईल. सुचवा.

शब्दखोदू
फोड बरोबरच केलीत, खापर स्वतःवर फोडू नका. ग्रीक ‘डिस’ म्हणजे आपल्या दुष्काळ-दुस्तरमधला ‘दुस्’. आणि ‘टोनोस’ हा ‘तन्’ धातूच्या भावकीतला. तान, तंतू, तंत्र आणि आपलं ताणणं त्याच घरातलं. अक्षराला अक्षर लावलं तर सरळ ‘दुस्तान’ होतो. इतकं चोख जुळणारं भाषांतर क्वचित मिळतं.

पण मुळातलं नावच जरा गडबडीचं आहे. ते १९११ मध्ये बर्लिनच्या हेरमान ओपेनहाइम यांनी ठेवलं. त्यांना रुग्णांचे स्नायू कधी फार सैल तर कधी फार ताठ दिसले, म्हणून टोन बिघडला असा तर्क. पूर्ण नाव ‘डिस्टोनिया म्युस्क्युलोरम डिफॉर्मान्स’, म्हणजे बोल सगळा स्नायूंना. त्याच वर्षी वॉर्साच्या फ्लाताऊ आणि स्टर्लिंग यांनी मुलांमधल्या याच आजाराला ‘टॉर्शन स्पॅझम’ म्हटलं होतं. टॉर्शन म्हणजे पीळ. ते नाव मागे पडलं. मराठीपुरतं बोलायचं तर मला तेच जवळचं वाटतं. ओलं लुगडं दोन हातांनी पिळतात, तो पीळ.

कोपरीपूल
दुस्तान वाचून वाटलं हिंदुस्तानातला ‘हिं’ गळला. जिन्यात सांगून बघा, समोरचा विचारेल व्हिसा लागतो का.

आणि पीळ? ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ आपल्याकडेच म्हणतात ना? मावशींना कोणी म्हणालं ‘त्यांना पीळ आहे’, तर पुढच्या गणपतीपर्यंत अबोला.

माजिवड्याची ताई
घरगुती शब्द एवढे पडलेत की! मान धरणे, मान अवघडणे, उसण भरणे, वांब येणे, गोळा येणे, पेटका, आकडी, लकवा. आजी तर सरळ ‘वाताचं आहे’ म्हणायची. आयुर्वेदात मन्यास्तंभ आहेच. मग पीळवात म्हणा. कंपवात, धनुर्वात, आमवात यांच्या रांगेत शोभेल.

खारघरची न्यूरोवाली
या आजाराचे रुग्ण रोज बघते, म्हणून राहवत नाही. ताई, तुमची यादी छान आहे, पण एकेक शब्द वेगळ्या खोलीचं दार उघडतो.

गोळा, वांब, पेटका हे सगळे दुखतात आणि दोन-चार मिनिटांत सुटतात. पोटरी चोळली की झालं. डिस्टोनिया चोळून सुटत नाही. लकवा म्हणजे बळ गेलं. इथे बळ भरपूर आहे, नको तिथे लागतंय. आकडीत बहुतेक वेळा शुद्ध हरपते. मावशी मान वळलेली असताना तुम्हाला चहात साखर किती विचारतील. मन्यास्तंभात स्तंभ आहे, खांबासारखी ताठ मान. त्यांची मान वळते, हिसके देते. आणि वात म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून वांगं-बटाटा बंद.

पीळला मात्र माझं मत. २०१३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी बसून डिस्टोनियाची व्याख्या नव्याने लिहिली. तिचा सारांश असा: स्नायू सतत किंवा अधूनमधून आकसतात, त्यातून चुकीची, बहुधा तीच ती हालचाल होते किंवा अंगाची ठेवण बदलते, हालचाल ठरावीक नमुन्याची, पिळल्यासारखी, कधी थरथरती असते, आपण मुद्दाम काही करायला गेलो की वाढते. या व्याख्येत पीळ आहे. ओपेनहाइम यांचा टोन नाही! १०० वर्षांनी तज्ज्ञांनी नाव तेच ठेवलं, पण व्याख्येतून ताण काढून टाकला.

आत काय होतं ते थोडक्यात. हात वाकवताना पुढचा स्नायू आवळतो तेव्हा मागच्याने सैल सोडायचं असतं. इथे दोघंही एकदम ओढतात, वर ज्यांचा काही संबंध नाही असे शेजारचे स्नायूही लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे मदतीला धावतात. एका बोटाला पुढे करताना बाकीच्या चौघांना गप्प बसवणं हे मेंदूचं काम, आणि हे गप्प बसवणंच ढिलं पडलेलं असतं. पूर्वी सगळा दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लियांवर टाकत; आता लहान मेंदूसकट सगळ्या जाळ्याचा अभ्यास होतो. स्नायू बिचारे हुकमाचे ताबेदार.

ऐरोली_फलाट_दोन
वडिलांचं सांगतो. कोर्टात लिपिक. मोडीचा सराव असलेला हात, अक्षर मोत्यासारखं, वळणदार. पन्नाशीत एक दिवस पेन कागदाला टेकलं आणि अंगठा आत मुडपला, मनगट वर उचललं गेलं. पेन खाली ठेवलं की हात साफ. लसूण सोलत, सुईत दोरा ओवत, शर्टाची वरची गुंडी एका हाताने लावत. कागदाला पेन टेकलं रे टेकलं की झालं सुरू. ऑफिसात अर्थ एकच निघाला, काम टाळतोय. बँकेने सही जुळत नाही म्हणून तीनदा चेक परत केला. मॅनेजरसमोर सही करून दाखवायला बसले तर पेन टेबलावरून उडालं. शेवटी डाव्या हाताने लिहायला शिकले आणि त्याच हाताने निवृत्तीचा अर्ज लिहिला.

आई म्हणायची, ‘अक्षराचं वळण गेलं आणि हात वळायला लागला.’ पोटऱ्या वळतात म्हणतो ना आपण, तसंच.

शब्दखोदू
तुमच्या आईंना दंडवत. हा खास डिस्टोनियाच, एकाच कामापुरता येणारा. इंग्रजीत ‘रायटर्स क्रॅम्प’. इटलीचे रामाझ्झिनी १७१३ मध्येच लेखनिकांच्या हातांच्या दुखण्याबद्दल लिहून गेले. वादकांनाही होतो. अमेरिकेचे पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची उजव्या हाताची बोटं १९६० च्या दशकात अशीच आत वळली आणि पुढची कित्येक वर्षं ते फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिले.

कोपरीपूल
‘काम टाळतोय’ यावरून आठवलं. बाहेरगावच्या नातेवाइकांना ‘ठाण्याला असतो’ म्हटलं की अजून हसतात. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा वाक्प्रचार सगळ्या महाराष्ट्रात चालतो, आपल्या मनोरुग्णालयाच्या जिवावर. मावशींची मान वळते हे पाहून कोणी असं बोलू नये, एवढीच माझी या चर्चेत भर.

खारघरची न्यूरोवाली
विनोद सोडून बोलते, पण हे अक्षरशः घडलेलं आहे, तेही डॉक्टरांच्याच हातून. अनेक दशकं मानेचा, पापण्यांचा, लिहित्या हाताचा डिस्टोनिया मनाचा आजार म्हणूनच मोजला गेला. कारणं बघा. झोपेत जातो. एका कामाला येतो, दुसऱ्याला येत नाही. पायाचा डिस्टोनिया असलेली काही मुलं पुढे चालताना पाय वाकडा टाकतात आणि उलटं चालायला लावलं की व्यवस्थित चालतात. याला लोक ढोंग म्हणणारच. लंडनच्या डेव्हिड मार्सडन यांनी १९७६ मध्ये पापण्या आणि जबड्याच्या प्रकाराबद्दल, मग १९८२ मध्ये सहकाऱ्याबरोबर लेखनिकांच्या हाताबद्दल ठासून मांडलं की हा चेतासंस्थेचा आजार आहे. १९९७ मध्ये लहानपणी सुरू होणाऱ्या एका प्रकाराचं जनुकच सापडलं. जनुकात बिघाड असलेल्या १०० पैकी साधारण ३० जणांनाच आजार होतो, म्हणून घराण्यात मधल्या पिढ्या कोऱ्या दिसतात आणि पुन्हा ‘मनाचं असेल’.

ताण हा शब्द मला म्हणून नको. ताणाने हा आजार वाढतो, हे खरं आहे. चारचौघांत मावशींची मान जास्त वळेल. पण ‘ताणाने वाढतो’ आणि ‘ताणाने होतो’ यांत एका क्रियापदाचा फरक आहे आणि घरचे लोक नेमकं तेच बदलून टाकतात.

माजिवड्याची ताई
डॉक्टरताई, एक शंका. आमच्या शेजारच्या मुलाला उलट्यांवर औषध दिलं आणि तीन तासांत त्याची मान मागे, डोळे वर, जीभ बाहेर. आजी म्हणाली ‘लागीर झालं’, लिंबू उतरवायला निघाली होती. हे तेच का?

खारघरची न्यूरोवाली
त्याच जातीचं, पण औषधाने झालेलं. उलटी थांबवणारी काही औषधं (मेटोक्लोप्रमाइड वगैरे) आणि मानसिक आजारावरची काही औषधं मेंदूतल्या डोपामिनचा (हालचालींचे निरोप नेणाऱ्या रसायनाचा) रस्ता अडवतात, त्यातून हे होतं, तरुण मुलांना जास्त. इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासात उतरतं. लिंबूवाला मधल्या वेळात पोचला तर श्रेय त्याला. त्या मुलाच्या फाइलवर औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे पुन्हा कोणी देणार नाही.

याच्या उलट एक गंमत. लहान मूल सकाळी नीट चालतं, संध्याकाळी पाय वाकडे पडतात. जपानच्या सेगावा यांच्या नावाने हा प्रकार ओळखतात. अशी मुलं पूर्वी सेरेब्रल पाल्सी म्हणून वर्षानुवर्षं खुर्चीत बसली. लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत गेल्यावर डोपामिन बनणारं औषध, त्याच्या अगदी कमी डोसावर ती चालू लागतात. म्हणून मूल आणताना ‘पाय वाकडा’ एवढंच सांगू नका, ‘सकाळी कसा, संध्याकाळी कसा’ हेही सांगा.

शब्दखोदू
लेव्होडोपा निघालाच आहे तर: आपल्या खाजकुयलीच्या बियांत तो असतो हे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये दाखवलं. (लगेच चूर्ण आणायला धावू नका.)

आणि धनुर्वात आलाच आहे तर. त्यात अंग धनुष्यासारखं वाकतं म्हणून ते नाव. धनुर्वाताच्या जंतूचं विष आवरणाऱ्या नसांना गप्प करतं, म्हणून अंग आवळतं. त्याच्या चुलत जंतूचं विष नसेकडून स्नायूला जाणारा निरोपच अडवतं, म्हणून स्नायू सैल पडतो. ते बोट्युलिनम, म्हणजे बोटॉक्स. भाऊबंदकीचं इतकं उपयोगी उदाहरण दुसरं नसेल.

नौपाडकर
अहो, मावशीला तेच दिलंय! आणि बोटॉक्सने आणखी घोळ झाला. खालच्या मजल्यावर बातमी अशी की ६७ व्या वर्षी सुरकुत्या घालवून आल्या.

खारघरची न्यूरोवाली
त्यांना सांगा, सुरकुत्या ही त्याची नंतरची नोकरी. अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि मिटणाऱ्या पापण्यांसाठी, २००० मध्ये मानेच्या डिस्टोनियासाठी, सुरकुत्यांसाठी २००२ मध्ये. असर साधारण तीन महिने, मग पुन्हा टोचायचं. एक विचारते: मावशी गालाला किंवा हनुवटीला बोट लावतात का?

नौपाडकर
तुम्हाला कसं कळलं? पदराचं टोक धरून दोन बोटं डाव्या गालाला टेकवते, आणि मान सरळ. आम्ही म्हणायचो, काय ऐटीत बसते. मी त्याला टेकू म्हणायचो.

खारघरची न्यूरोवाली
टेकू नाही. टेकूला जोर लागतो, इथे नुसता स्पर्श पुरतो. काहींची मान तर बोट गालाजवळ नेलं तरी सरळ होते. इंग्रजीत याला ‘ट्रिक’च म्हणतात आणि रोगनिदानाला ती मोठी खूण आहे. मराठी शब्द माझ्याकडे नाही.

माजिवड्याची ताई
हिकमत!

खारघरची न्यूरोवाली
घेतला. उद्यापासून ओपीडीत हाच.

नौपाडकर
हिकमत ठरली, आजाराचं नाव राहिलं. आज मावशीलाच विचारलं, तुला काय होतं असं वाटतं? म्हणाली, ‘ओढ लागते. उजवीकडे कोणी दोरी लावून ओढतंय अशी.’ मानेची ओढ कशी वाटते?

कोपरीपूल
ओढ म्हणजे माहेरची, पंढरीची. मावशींचं माहेर उजवीकडे पडतं का?

नौपाडकर
माहेर कळव्याला. सोफ्यावर बसली की डावीकडे पडतं.

खारघरची न्यूरोवाली
मानेला ओढ चालेल, माझे बरेच रुग्ण असंच सांगतात. पण पापण्यांना ओढ नाही लागत, त्या मिटतात. (आणि ते ‘डोळा लवणं’ नव्हे, ते साधं फडफडणं.) ऐरोलीकरांच्या वडिलांचा हात वळत होता. तेव्हा सगळ्यांना मिळून एक नाम शोधू नका. आपण ‘हात कापतो’, ‘डोळा लवतो’ असंच तर सांगतो. मान ओढते, हात वळतो, पापण्या मिटतात. वर छत्रीला डिस्टोनिया.

शब्दखोदू
म्हणजे दुस्तान बाद?

नौपाडकर
बाद. फाइलच्या आतल्या पानावर लिहिलं: ‘डिस्टोनिया. मान उजवीकडे ओढते. ताणाने होत नाही.’ शेवटच्या वाक्याखाली मावशीने स्वतः रेघ मारली आणि फाइल सुनेच्या हातात दिली. पुढचं इंजेक्शन संक्रांतीनंतर आहे. खालच्या मजल्यावर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.