नव्या मूत्राशयानंतर न थांबणारी गळती: स्लिंगची शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न
कर्करोगामुळे माझ्या आईचे मूत्राशय १४ महिन्यांपूर्वी काढून लहान आतड्याच्या तुकड्यापासून नवे मूत्राशय तयार करण्यात आले. रात्री गळती राहू शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. परंतु आता खोकताना किंवा उठतानाही लघवी गळते आणि नियमित व्यायामानेही फरक पडलेला नाही. स्लिंगचा, म्हणजे मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्याचा, सल्ला मिळाला आहे. तो स्वीकारावा का?

उत्तर १ (मूत्रविकार शल्यचिकित्सक)
लघवी केल्यानंतर आत किती उरते, हे सोनोग्राफीने पाहिले आहे का? स्त्रियांमध्ये असे मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे ही नेहमीची तक्रार आहे, आणि ते काठोकाठ भरून ओसंडत असेल तर गळती अशीच दिसते; तिच्यावरचा उपाय मात्र ठरावीक वेळी कॅथेटरने (बारीक नळीने) मूत्राशय रिकामे करणे हा असून स्लिंगने ती स्थिती अधिकच बिघडेल. योनीमार्गातून दिवसरात्र सतत गळत असल्यास फिस्टुलाची, म्हणजे नवे मूत्राशय व योनी यांच्यात तयार झालेल्या छिद्राची, शंका घ्यावी. त्याची दुरुस्ती वेगळीच असते.

ही कारणे वगळली गेली आणि लघवी रोखून धरणारा झडपेचा स्नायूच दुर्बल ठरला, तरच स्लिंगचा विचार करावा. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर जघनास्थीमागे (ओटीपोटाच्या पुढील हाडामागे) आतडी व नवे मूत्राशय चिकटलेले असू शकतात, त्यामुळे स्लिंग बसवण्यासाठी तेथून सुई नेताना त्यांना इजा होण्याचा धोका असतो. कृत्रिम जाळी ऊतींमध्ये रुतण्याचीही भीती असल्यामुळे मी रुग्णाच्याच पोटावरील स्नायू-आवरणाची पट्टी पसंत करतो.

उत्तर २
माझी स्लिंगची शस्त्रक्रिया झाली आहे. दिवसाची गळती थांबली, परंतु आता लघवी आपोआप होत नाही आणि दिवसातून पाच वेळा मी स्वतः कॅथेटर घालते. मला ही अदलाबदल मान्य आहे, कारण शस्त्रक्रियेपूर्वीच परिचारिकेने मला ते शिकवले होते. आपल्या आईंना ते जमेल का, हे आधी त्यांनाच विचारावे.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. उरलेल्या लघवीची तपासणी झालेलीच नाही. मूत्रमार्ग अरुंद करण्यासाठी त्याभोवती इंजेक्शन देण्याचा पर्याय कितपत उपयोगी आहे?

उत्तर १
तो सौम्य आहे, परंतु परिणाम बहुधा अपुरा व तात्पुरता असतो. सर्व उपाय थकल्यास लघवी पोटावरील छिद्रातून पिशवीत वळवता येते. अनेक स्त्रियांना त्यानंतर पुन्हा निर्धास्तपणे घराबाहेर पडता येते, म्हणून त्याला पराभव मानू नये. तूर्त सोनोग्राफी आणि मूत्राशयातील दाबाची चाचणी करून घ्यावी.