दत्तक गेलेल्या मुलीला जन्मदात्या आईचा शोध घ्यायचा आहे : संस्था बंद, हाती फक्त कोर्टाचा आदेश

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. एका ३८ वर्षांच्या बाईंसाठी विचारत आहे. १९८७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या एका शिशुगृहातून त्या दत्तक गेल्या. दत्तक आई-वडिलांना शोधाची कल्पना आहे, त्यांची हरकत नाही. हाती आहे ती जिल्हा न्यायालयाच्या आदेशाची दोन पानांची झेरॉक्स. त्यात मूल 'आईने स्वखुशीने संस्थेकडे सोपवलेले' एवढंच आहे आणि आईचा पत्ता म्हणून एक गाव, जि. परभणी. आईचं नाव नाही. संस्था केव्हाच बंद झाली. मी त्यांच्या वतीने संस्थेच्या जुन्या लोकांना भेटू का? गावात जाऊन चौकशी करू का? की आधी डीएनए चाचणी करायची? क्रम सांगा.

दुधना
आधी तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर: नाही आणि नाही. २०२२ च्या दत्तक नियमावलीत मूळ शोधाची तरतूद आहे. शोधाचा अर्ज दत्तक व्यक्तीनेच करायचा, तिऱ्हाइताला तो करता येत नाही. वय १८ च्या वर असेल तर स्वतः, खाली असेल तर दत्तक पालकांसह. तुम्ही सोबत जा, कागद लावून द्या, फॉर्म भरताना शेजारी बसा. पण अर्जदार त्या, सही त्यांची. नाहीतर कार्यालय तुमच्याशी बोलणारच नाही, आणि ते बरोबरच आहे. नियमाचा हेतू जन्मदात्या बाईचं रक्षण हा आहे.

अर्ज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ज्याला सगळे 'कारा' म्हणतात तिथे, ऑनलाइन करायचा. सोबत आदेशाची प्रत, ओळखपत्र, लहानपणचा असेल तो फोटो, आणि घरात दत्तकाशी संबंधित जे काही असेल ते. संस्थेची पावती, लसीकरणाचं कार्ड, दुधाच्या डब्याच्या हिशोबाची चिठ्ठीसुद्धा. अशा चिठ्ठीवर संस्थेतला बाळाचा नंबर किंवा तिथे ठेवलेलं नाव सापडतं, आणि जुन्या रजिस्टरात बाळ त्याच नावाने असतं, आजच्या नावाने नाही. अर्ज पुढे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे येतो. त्याची एक प्रत तिथे आणि एक पुण्याच्या महिला व बालविकास आयुक्तालयात हाताने देऊन पोच घ्या. नुसता ऑनलाइन अर्ज महिनोन्महिने पडून राहू शकतो.

संस्था बंद झाली म्हणजे दप्तर गेलं असं धरू नका. ते दुसऱ्या संस्थेकडे किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडे गेलेलं असू शकतं. माहितीचा अधिकार इथे कामाला येतो, पण प्रश्न नेमका हवा. 'माझ्या आईचं नाव द्या' असं विचारलं तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येणार. विचारायचं असं: 'अमुक संस्थेची मान्यता कोणत्या आदेशाने संपली, तिची प्रवेश नोंदवही व बालकांच्या फाइल्स कोणाच्या ताब्यात, कोणत्या तारखेला दिल्या, ताबा पावतीची प्रत.' फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयात, दुसरं राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे.

नक्कल_विभाग
कोर्टाच्या बाजूने सांगतो. दोन पानांचा आदेश म्हणजे फाइलचं शेवटचं टोक. १९८७ मध्ये हिंदू कुटुंबात संस्थेतून मूल द्यायचं तर हिंदू दत्तक व पोटगी कायदा, १९५६ मधल्या कलम ९(४) खाली कोर्टाची परवानगी लागायची. परदेशी, ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी पालक असतील तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज. दोन्हींत मूळ अर्जाला जोडपत्रं असतात: आईने लिहून दिलेलं त्यागपत्र, डॉक्टरचा दाखला, बाळाचा अहवाल, पालकांचा गृहभेट अहवाल. हवं आहे ते या जोडपत्रांत.

आदेशावर डोक्याला 'किरकोळ दिवाणी अर्ज क्रमांक अमुक / १९८७' असं असेल. तो क्रमांक, निकालाची तारीख आणि अर्जदाराचं नाव लिहून नक्कल मागा. कलम ९(४) खालच्या अर्जात अर्जदार संस्थेचा अधीक्षक असतो, दत्तक पालक नाही. पालकांच्या नावाने शोधल्यामुळे 'सापडत नाही' असा शेरा येऊ शकतो. क्रमांक पुसट असेल तर त्या वर्षाच्या किरकोळ अर्जांच्या रजिस्टरात संस्थेच्या नावाने पाहायला सांगा. घाई एवढ्यासाठी करा की निकालपत्र जास्त काळ जपलं जातं, जोडपत्रं मुदत संपली की नष्टीकरणाच्या यादीत जातात. जोडपत्रं गेली असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या, पुढे काराच्या अर्जाला जोडता येतं.

आता 'जि. परभणी' याबद्दल. १९८७ च्या कागदावरची परभणी म्हणजे आजची परभणी असेलच असं नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून निघाला. कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ ही सगळी तेव्हा परभणीच. तसंच जालना १ मे १९८१ पासून, लातूर १६ ऑगस्ट १९८२ पासून. त्याआधीचा कागद असेल तर लातूरचं गाव 'जि. उस्मानाबाद' असं दिसेल. गावाचं नाव एकच असलेली चार गावं मराठवाड्यात सहज निघतात, वाडी-तांडा-बुद्रुक-खुर्द वेगळंच. तालुका कळल्याशिवाय कोणत्याही गावाकडे बोट दाखवू नका.

बालाघाट
त्यागपत्र हाती आलं तर कसं वाचायचं ते सांगते. आईचं नाव खरं असेलच असं नाही. लग्नाआधीचं बाळंतपण किंवा विधवेचं मूल असेल तर नाव-गाव बदलून सांगितलं जायचं. म्हणून तिच्या नावाइतकंच साक्षीदारांकडे बघा. सोबत आलेली मावशी, चुलती, थोरला भाऊ यांनी साक्षीदार म्हणून सही केलेली असते, आणि त्यांचा पत्ता खरा निघू शकतो. अंगठा असेल तर शेजारी 'निशाणी' लिहिणाऱ्याचं नाव असतं. आईच्या नावात मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं ते ओळखा. वडिलांचं असेल तर ते माहेरचं गाव. लग्नानंतर आडनाव बदललं, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदललं. ती त्या गावात आज सापडणार नाही, तिचा भाऊ सापडेल.

जन्मतारखेलाही घट्ट धरू नका. सोपवलेल्या बाळाची तारीख बहुधा खरी असते, सापडलेल्या बाळाची डॉक्टरने अंदाजाने ठरवलेली.

जन्मनोंद जन्म झाला तिथे होते, गावात नाही. ऊसतोडीला गेलेली बाई कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात बाळंत झाली तर नोंद तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे. बदनामीच्या भीतीने बाई मुद्दाम लांब जायची: पुणे, सोलापूर, हैदराबाद, पंढरपूर. पंढरपूरचा नवरंगे बालकाश्रम १८७५ पासूनचा, तोही याच कारणाने. म्हणून 'शिशुगृह औरंगाबादचं, म्हणजे बाई औरंगाबादची' हा तर्क करू नका.

दत्तकानंतरच्या दाखल्यावर दत्तक आई-वडिलांचीच नावं येतात, तो शोधाला निरुपयोगी. पण नोंदवहीतला 'शेरा', 'नोंदणी दिनांक' आणि 'माहिती देणाऱ्याचे नाव' हे रकाने बोलतात. जन्म आणि नोंदणी यांत वर्षाहून जास्त अंतर असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद झालेली नसते. म्हणजे त्या आदेशाची आणखी एक फाइल कुठेतरी आहे. दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र आशा ठेवू नका. ते तीन वर्षं जपण्याचं बंधन आहे, ३८ नाही. प्रसूतिगृहाचं मोठं रजिस्टर काही ठिकाणी राहतं, विचारायला हरकत नाही.

मांजराकाठ
खूप आभार. डीएनएचं कोणी सांगेल का? आणि आई सापडलीच तर पहिला निरोप कसा द्यायचा? त्या बाई म्हणतात थेट दारात जाऊन उभी राहते.

गुणसूत्र
डीएनए शेवटी, आणि दोन वेगळ्या कामांसाठी.

एक, अनोळखी नातेवाईक शोधायला. परदेशी कंपन्यांच्या डीएनए साठ्यात मराठवाड्यातल्या खेड्यांतली माणसं जवळपास नाहीत. जुळलंच तर बहुधा दुसरं दत्तक मूल जुळेल, युरोप-अमेरिकेत वाढलेलं. आकडे वाचताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आई-मुलाचं जुळणं साधारण ३४०० सेंटिमॉर्गन (दोघांतला सारखा डीएनए मोजायचं एकक), सख्खी भावंडं २६०० च्या आसपास, सख्खी चुलत-मावस भावंडं सरासरी ८५०-८७०. हे आकडे नात्यात लग्न न करणाऱ्या समाजांवरून बसवलेले आहेत. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत पिढ्यान् पिढ्या चालली. त्यामुळे दूरचं नातं जवळचं दिसतं. ३०० चा आकडा पाहून 'हा आईचा चुलत भाऊ' असं ठरवलं की शोध भलत्याच घराकडे जातो.

दोन, सापडलेल्या व्यक्तीची खात्री करायला. इथे आई हयात आणि राजी असेल तर आई-मुलीची चाचणी स्वच्छ उत्तर देते. आई नसेल आणि फक्त एक भाऊ असेल तर साध्या चाचणीत सख्खा की सावत्र हे अनेकदा ठरत नाही. दोन-तीन भावंडं किंवा मावशी घ्या आणि जास्त मार्करची (डीएनएत तुलना करायच्या जागांची) चाचणी मागा. फक्त मातृवंशाची चाचणी केली तर 'एकाच आईकडच्या वंशातले' एवढंच कळतं. मावशी, आजी, मावसबहीण, सगळ्यांचं सारखंच येतं. नमुना दोघांच्याही लेखी संमतीने. चहाचा कप, केस असलं चोरून काही देऊ नका.

बालाघाट
दारात जाऊन उभं राहायचं नाही. हे त्यांना कितीही वेळा सांगावं लागलं तरी सांगा.

जन्मदात्या बाईंचं आज वय ५५ ते ६५ असेल. नवरा आहे, सुना आहेत, नातवंडं आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणालाही माहीत नसेल. गावात परकी गाडी उभी राहिली की दहा मिनिटांत अख्खी आळी विचारते. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, रेशन दुकानदार यांच्यापैकी एकालाही नाव सांगून विचारलं की ती गोष्ट गावाची झाली. नियमही तेच सांगतो: मूल सोपवताना आईने ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची संमती. तिने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं ते कारण दत्तक व्यक्तीला सांगायचं असतं. एवढा हक्क नकारानंतरही उरतो.

पहिली भेट बाल संरक्षण कक्षाची किंवा संस्थेची समाजसेविकाच घेईल. एकटी, आणि बाई एकट्या असताना. मोबाइल टाळावा, फोन मुलाचा असतो, उचलते सून. ऊसतोड करणारं घर असेल तर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत दाराला कुलूप असतं, तेव्हा शेजाऱ्यांकडे चौकशी करण्यापेक्षा परत या. जागा घर नको. तालुक्याच्या दवाखान्यात, देवळात, माहेरी.

चिठ्ठी एका पानाची, साध्या मराठीत, मोठ्याने वाचून दाखवता येईल अशी. बाईंना वाचता येत नसेल. सुरुवात 'आई' ने नको. तो शब्द तिला आधी उच्चारू द्यावा. साधारण अशी:

'नमस्कार बाई. मी सुखरूप आहे. शिकले, नोकरी करते, माझी माणसं चांगली आहेत. तुमच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. मला पैसा, जमीन, नाव काही नको. तुम्ही बऱ्या आहात एवढं कळलं तरी पुष्कळ आहे. भेटावंसं वाटलं तर या ताईंना सांगा. नको वाटलं तर मी पुन्हा येणार नाही, कोणाला सांगणार नाही.'

'सुखरूप' हा शब्द पहिल्या दोन ओळींत हवाच. लेकरू जगलं की नाही, हेच त्या बाईंना कोणी कधी सांगितलेलं नसतं. आणि लिहिलेलं पाळायचं. पहिल्यांदा 'मी ती नव्हेच' असं उत्तर येऊ शकतं. त्यावर वाद घालू नका, समाजसेविकेचा नंबर ठेवून निघा. काही महिन्यांनी निरोप येण्याची वाट मोकळी राहते. फक्त आजारांची माहिती मागायची असेल तर ओळख न उघडताही मागता येते: मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर, गाव किनवट-माहूर पट्ट्यातलं असेल तर सिकलसेल.

भेट ठरली तर तास-दीड तास, तिसऱ्या ठिकाणी. सोनं, साडी, पाकीट काही नेऊ नका, त्याने ती मिंधी होते. फोटो तिने म्हटलं तर, आणि फेसबुकवर कधीच नाही.

नक्कल_विभाग
जमिनीबद्दल बालाघाट ताईंनी लिहिलं ते कायद्यानेही खरं आहे. भावंडं कळल्यावर त्यांचा पहिला धसका सातबाऱ्याचा असतो. १९५६ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दत्तकानंतर जन्मघराशी कायदेशीर नातं तुटतं. दत्तकाआधीच त्या मुलाच्या नावे झालेली मालमत्ता तेवढी त्याची राहते. जन्मतः सोपवलेल्या बाळाच्या बाबतीत अशी मालमत्ता सहसा नसतेच. म्हणजे भेट झाली म्हणून वाटणी मागता येत नाही. समाजसेविकेने हे भावांना तोंडी नीट समजावलं की अर्धा ताण उतरतो. एकच धागा कायद्याने शाबूत ठेवला आहे: जन्मघरात ज्याच्याशी लग्न निषिद्ध होतं, त्याच्याशी दत्तकानंतरही निषिद्धच.

मांजराकाठ
झेरॉक्स आज भिंगाखाली पाहिली. क्रमांक वाचता येतो. आणि मागच्या बाजूला पेन्सिलने 'वसमत पो. स्टे.' असं लिहिलंय. मूल सोपवलेलं असेल तर पोलीस कशाला?

दुधना
मग 'स्वखुशीने सोपवलेले' ही नंतरची भाषा असू शकते. आधी सापडलेलं बाळ, मग चौकशीत आई मिळाली, मग त्यागपत्र, असा क्रम होऊ शकतो. तसं असेल तर वसमतला स्टेशन डायरीची नोंद, पंचनामा आणि कदाचित तेव्हाच्या दंडसंहितेतल्या कलम ३१७ खालचा गुन्हा असेल. 'मूल टाकणे' याचा. जन्मदात्या बाईंच्या मनात ती भीती आजही असू शकते. समाजसेविकेला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती पहिल्याच वाक्यात 'मी पोलिसांकडून आलेले नाही' असं म्हणेल. पोलीस ठाण्यात तुम्ही जाऊ नका. पेन्सिलीच्या नोंदीचा फोटो काराच्या अर्जाला जोडा आणि ठाण्याकडे पत्र बाल संरक्षण कक्षामार्फतच जाऊ द्या. सापडलेलं बाळ असेल तर त्या आठवड्यातली जुनी वर्तमानपत्रंही ग्रंथालयात चाळा. बातमी चार ओळींची असते, पण त्यात जागा नेमकी असते: कोणता रस्ता, कोणतं देऊळ, कोणाच्या शेताचा बांध.

मांजराकाठ
उद्या नकलेचा अर्ज त्यांच्या सहीने देतो, सोमवारी काराचा. वसमतचा विषय समाजसेविका नेमेपर्यंत बाजूला ठेवतो.