शब्दचर्चा: ‘हरकत नाही’ म्हणजे होकार धरायचा का?

प्रश्न

आम्ही काही जण मिळून एका ऑनलाइन समूहाचं काम पाहतो. नवा नियम आणायचा तर एकाने मसुदा मांडायचा आणि बाकीच्या नियामकांनी त्यावर मत द्यायचं, अशी आमची रीत आहे. ताजा मसुदा असा होता: ‘सदस्याने स्वतःच्या लेखाचा दुवा आठवड्यातून एकदाच द्यावा.’ त्याखाली आलेली उत्तरं: ‘पाठिंबा’, ‘हरकत नाही’, ‘माझं मत थोडं वेगळं आहे, पण चालेल’, ‘अनुमोदन’, आणि एकाने नुसतं अंगठ्याचं चित्र टाकलं. दोघे काहीच बोलले नाहीत. आता नियम मंजूर झाला असं म्हणायचं का, आणि किती मतांनी?

प्रतिसाद

गोंधळाचं मूळ ‘मत’ या शब्दात आहे. विचार म्हणजेही मत आणि मतपेटीत पडतं तेही मत. एरवी आपण क्रियापदावरून ओळखतो. मत असतं, बनतं, मांडलं जातं तेव्हा तो विचार. मत टाकलं, नोंदवलं, फुटलं की ते मोजायचं मत. पंचाईत होते ‘मत द्या’ म्हटल्यावर, कारण ते दोन्हीकडे चालतं. तुमच्या तिसऱ्या सहकाऱ्याने एकाच वाक्यात दोन्ही दिलंय: आधी विचार, मग ‘चालेल’ ही संमती. मोजताना ती होकारात जाईल, पण ‘थोडं वेगळं’ म्हणजे काय हे त्यांना विचारल्याशिवाय मोजणीला बसू नका. नियम सुधारायची जागा बहुधा तिथेच सापडते.

‘हरकत नाही’ हा या यादीतला सगळ्यात मोलाचा शब्द आहे असं मला वाटतं. ‘हरकत’ मूळ अरबी, अर्थ हालचाल. गायक तानेत हरकत घेतो तेव्हा तो अर्थ अजून जिवंत असतो. एरवीच्या मराठीत मात्र हरकत म्हणजे आडकाठी. ‘हरकत नाही’ म्हणणारा नियमाच्या बाजूने उभा राहत नाही, फक्त वाट अडवत नाही. पाठिंबा आणि बिनहरकत यांच्यातलं हे अंतर प्रत्येक भाषेत इतक्या सहज सांगता येत नाही. आपल्याला ते दोन शब्दांत सांगता येतं, तर जपून वापरलं पाहिजे.

या अंतरावर मोठमोठ्या समूहांचं कामकाज चालतं. अपाची या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेत अधिक एक, शून्य आणि उणे एक अशी मतं देतात. बरेचसे निर्णय तर कोणी हरकत घेतली नाही एवढ्यावरच होतात आणि त्यासाठी साधारणपणे ७२ तास वाट पाहतात. सॉफ्टवेअरमधल्या बदलाला उणे एक मिळालं तर तो नकाराधिकार ठरतो, पण सोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं. विनाकारण दिलेला नकार ग्राह्य धरत नाहीत. आपल्याकडे ‘विरोध’ आणि ‘हरकत’ यांत हाच भेद ठेवता येईल. विरोध नुसता नोंदवता येतो. हरकत ‘घ्यायची’ तर ‘कशाला?’ हा प्रश्न लगेच येतो.

प्रतिसाद

वरच्याशी बराचसा सहमत, पण गप्प बसलेल्या दोघांना कृपया होकारात ढकलू नका. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन कानावर इतकं पडलेलं असतं की ते नियमच वाटू लागतं. गप्प माणूस आजारी असेल, प्रवासात असेल, त्याने मसुदा उघडलाही नसेल. मौन संमती धरायची असेल तर ‘अमुक तारखेपर्यंत हरकत न आल्यास मंजूर समजू’ हे मसुद्यातच लिहिलेलं हवं. मुदत उलटून गेल्यावर तसं म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि अंगठा! मराठीत ‘अंगठा दाखवणे’ म्हणजे ऐनवेळी नाकारणं. पडद्यावर तो होकार समजला जातो हे खरं, पण कोणी ते चित्र ‘वाचलं’ एवढ्यासाठीही टाकतं. चिन्हाचा अर्थ आधी ठरला नसेल तर ते मोजू नये, त्या व्यक्तीला शब्दांत लिहायला सांगावं.

प्रतिसाद

‘अनुमोदन’ राहिलंच. सभेत एक सूचक असतो, एक अनुमोदक. अनुमोदन म्हणजे ‘हा विषय चर्चेला घेण्याजोगा आहे’ एवढंच. अनुमोदक पुढे विरोधात मत देऊ शकतो. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात सर्वसाधारण ठरावासाठी सूचकाशिवाय आणखी ५ जणांचं अनुमोदन लागतं, तेव्हा कुठे प्रस्ताव मतदानाकडे सरकतो. शिवाय मतपत्रिकेवर ‘यापैकी काहीच नको’ हा पर्याय असतोच. तुमच्या चौथ्या सहकाऱ्याला पाठिंबा द्यायचा असेल तर तसं पुन्हा लिहून घ्या.

जाता जाता, मतदानाआधी ‘प्रस्ताव’ आणि मंजुरीनंतर ‘ठराव’ असं ठेवलंत तर बरं. ‘ठराव मांडला’ हे सर्रास बोललं जातं आणि चूकही नाही, पण ‘ठरवणे’ त्यात बसलेलं असल्याने नवख्या सदस्याला नियम लागू झालाच असं वाटतं.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. ‘दोन तृतीयांश बहुमत’ असं लिहून ठेवलं तर पुरे का?

प्रतिसाद

कोणाच्या दोन तृतीयांश, हे लिहिल्याशिवाय नाही. एकूण नियामकांच्या की पडलेल्या मतांच्या? तटस्थ, म्हणजे तटावर उभा असलेला, पाण्यात उतरत नाही, पण हजर असतो. म्हणून तो गणपूर्तीत, म्हणजे निर्णयासाठी लागणाऱ्या किमान हजेरीत धरावा, मतांच्या बेरजेत नाही. गैरहजर दोन्हीत नाही. यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चाजाळ्यावर नवा चर्चागट काढायला एके काळी दुहेरी अट असे: होकार नकारांपेक्षा किमान १०० ने जास्त हवेत आणि पडलेल्या मतांत दोन तृतीयांश होकार हवेत. नुसतं प्रमाण पाहिलं असतं तर चार-पाच जणांनी गट काढला असता. आकड्याने ती वाट बंद केली.

पर्याय तीन असतील तर पहिल्या आलेल्याला ‘बहुमत’ म्हणू नका. ४० टक्के म्हणजे सर्वाधिक मतं. निम्म्याहून जास्त असतील तरच बहुमत.

इंटरनेटची मानकं ठरवणारी आयईटीएफ ही संघटना तर मतदान टाळते. तिथे ‘ढोबळ सहमती’ पाहतात, सभेत कल आजमावायला लोक चक्क गुणगुणतात. प्रत्येक हरकतीचा विचार झाला पाहिजे, प्रत्येक हरकत मानलीच पाहिजे असं नाही. ‘सर्वानुमते’ हा आपला आवडता शब्द इथे बसत नाही. विरोध नोंदलेला असताना तो वापरणं म्हणजे विरोध करणाऱ्याला इतिवृत्तातून पुसणं, आणि हे आपल्याकडे फार होतं.

प्रतिसाद

नुसता कल घ्यायचा असेल तर ‘कौल’ हा शब्द आहेच. मराठी विकिपीडियावर तो रूढ आहे. तुमच्या मसुद्याचा आधी कौल घ्या, आलेल्या सूचनांनुसार दुरुस्ती करा, मग मतदान.

निकाल लिहितानाही शब्द जपून वापरा. मतांनी पडला तर ‘फेटाळला’. सूचकाने नाद सोडला तर ‘मागे घेतला’. पुढच्या तारखेवर ढकलला तर ‘तहकूब’. गणपूर्तीच झाली नाही, कोणी अनुमोदनच दिलं नाही, तर ‘बारगळला’. बारगळलेला प्रस्ताव लगेच पुन्हा मांडता आला पाहिजे. फेटाळलेल्याला काही काळ थांबवावं, नाहीतर तीच मतं पुन्हा पुन्हा मोजत बसाल. तो काळ किती, हेही नियमातच लिहा.