वक्तृत्वात ‘हात मागं बांधा’ कशासाठी?

पूर्णाकाठ
१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची वक्तृत्व स्पर्धा झाली. लेक सातवीत आहे. भाषण पाठ केलेलं नव्हतं, आजोबांकडून ऐकलेलं होतं: पणजोबा रातोरात सरहद्दीवरच्या कॅम्पात निरोप घेऊन कसे जायचे, रझाकार कुठं बसलेले असायचे, ओढा कुठून ओलांडायचा. घरी सांगताना दोन्ही हात चालू. इकडं रझाकार, इकडून वळसा, मधे ओढा. आदल्या दिवशी शाळेत तिला दटावलं, “हातवारे नकोत, हात मागं.” स्टेजवर ओढ्यापर्यंत आली आणि थांबली. शब्द येत होते, पण ओढा कुठल्या अंगाला तेच सुचेना.

माझं म्हणणं असं की हात ही बोलण्यावर वरून टाकलेली कोथिंबीर नाही. बोलणं आणि हात एकाच विचारातून निघतात, ही बाजू शिकागोचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकनील यांनी वर्षानुवर्षं मांडली. ऐकणाऱ्याच्या डोक्यातही तसंच. “त्यानं भाकरीला मोजे लावून खाल्ले” असं काही कानावर पडलं, की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत लहरीत एक ठरावीक चढउतार दिसतो. त्याला एन-४०० म्हणतात. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या आस्ली ओझ्यूरेक आणि सहकाऱ्यांनी शब्द बरोबर ठेवून फक्त हात विसंगत दाखवला. लहर तशीच उमटली आणि त्याच सुमाराला. म्हणजे मेंदू आधी शब्दाचा अर्थ लावून मग निवांत हाताकडं बघतो, असं होत नाही.

मग हात बांधायचा नियम आला कुठून?

बिंदुसरा
ताई, हा नियम लावणाऱ्यांतलाच मी एक. बीड जिल्ह्यात वीसेक वर्षं परीक्षक म्हणून बसतोय. ‘सूर्य’ म्हटलं की उजवा हात वर, ‘आई’ म्हटलं की छातीवर, ‘शिवराय’ म्हटलं की मूठ. पन्नास पोरं आणि पन्नासांची मूठ एकाच शब्दावर! सगळं सरांनी बसवलेलं. हे तुमच्या मॅकनीलसाहेबांच्या हिशेबात कुठं बसतं? हात मोकळे सोडले की कवायत सुरू होते, म्हणून आम्ही हात मागं म्हणतो.

दुसरं, आमचे वडील परभणी आकाशवाणीवर शेतीचा कार्यक्रम ऐकायचे. बियाण्याला कोणतं औषध किती चोळायचं, सगळं त्यांना बिनचूक कळायचं. रेडिओला हात कुठून आले?

पूर्णाकाठ
रेडिओला नाहीत, पण आत बोलणाऱ्याला होते की. मोबाईलवर पत्ता सांगणारा माणूस बघा. “तिथून डाव्या हाताला वळा” म्हणताना स्वतःच भर रस्त्यात वळतो. समोरच्याला काही दिसत नाही हे त्याला ठाऊक असतं. १९९८ मध्ये जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी जन्मांध मुलांचं बोलणं तपासलं. १२ पैकी १२ जणांचे हात हलत होते, आयुष्यात कुणाचा हात हललेला न बघता. ऐकणाराही आंधळा आहे हे माहीत असताना बोलणाऱ्या मुलांचेही हलले.

कवायतीचं मात्र मान्य. ती मूठ सरांची, पोराची नाही. पण एका बैलानं शिंग मारलं म्हणून सगळा बाजार उठवायचा का?

हाळीकर
बैलाचं नाव काढलंत म्हणून बोलतो. आमचं घर तीन पिढ्या गुरांच्या बाजारातलं. हाळी-हंडरगुळीला मी वडिलांचं बोट धरून गेलोय, आणि रुमालाखाली बोटं धरून होणारे सौदेही बघितलेत. चार बोटं धरली म्हणजे चार. ते चार हजार की चाळीस, ते बैलाकडं बघून समजून घ्यायचं. आता गंमत ऐका. रुमालाखाली हात म्हणतोय ‘अजून वाढव’ आणि तोंड म्हणतंय, “काय पाव्हणं, औंदा पावसानं लईच वढ दिली की!” चेहऱ्यावर रेघ हलत नाही. हात आणि बोलणं एकाच विचारातून निघतं तर आमचा बाप दोन दुकानं एकदम कशी चालवायचा?

मांजरातीर
हाळीकर, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात अवघड. म्हणून थोडं लांबण लावतो. (लातुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, लांबण लावायची सवय आहे.)

रुमालाखालची बोटं ही ठरलेली खूण. चार बोटं म्हणजे चार, हे शिकावं लागतं, जसा ‘चार’ हा शब्द शिकावा लागतो. ती बोलण्यासोबतची हालचाल नव्हे, बोलण्याच्या जागी आलेली भाषा आहे. आणि तोंडातलं पावसाचं वाक्य? ते तुमच्या वडिलांनी शेकडो बाजारांत म्हटलेलं, विचार न करता येणारं. त्यांना रुमालाखाली भाव करता करता घराचा नवा नकाशा तोंडानं समजावून सांगायला लावा, मग बघू दोन दुकानं चालतात का.

ताईंच्या लेकीचा हात वेगळा. तो कुणी शिकवलेला नाही आणि एकटा बघितला तर त्याचा अर्थही लागत नाही. त्याची वेळ बघा. असा हात बहुतेकदा आपल्या शब्दाच्या किंचित आधी निघतो. २०११ च्या एका प्रयोगात हात आणि शब्द यांच्यातलं अंतर मुद्दाम वाढवलं होतं. हात १६० मिलिसेकंद पुढं असला तरी मेंदू दोन्हींची सांगड घालत होता, ३६० झाल्यावर ती सांगड दिसेना. ऑनलाइन क्लासला चित्र आणि आवाज मागंपुढं झाले की पोरं का वैतागतात, त्याचा मी यावरून अंदाज बांधतो. अंदाजच म्हणा, प्रयोग त्यावर नव्हता.

आणखी एक माणूस सांगतो, इयन वॉटरमन. १९ व्या वर्षी आजारानं मानेखालची स्पर्शाची आणि अवयव कुठं आहेत याची जाणीव गेली. कपबशी उचलायची तर हाताकडं टक लावून बघावं लागतं. पण हात नजरेआड करून बोलायला लावलं, तरी बोलण्यासोबतचे हात शब्दांच्या तालावर चालत राहिले. कप उचलणारा हात आणि बोलणारा हात मेंदू वेगवेगळ्या वाटांनी चालवत असावा, असं त्यावरून म्हणतात.

तेरणा
आमच्या काकांना लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. ‘तांब्या’ म्हणता यायचं नाही. डावा हात ओंजळीसारखा तोंडाकडं न्यायचे, आणि कधीकधी हात वर जाता जाता शब्द बाहेर यायचा. कधी नाहीच यायचा. शिवाय काही दिवस हातही चुकायचा, पाणी पाहिजे तर भलतंच दाखवायचे. डॉक्टर म्हणाले, दोन्हींचा पुष्कळसा कारभार डाव्या मेंदूत शेजारीशेजारी आहे, मार दोघांनाही बसू शकतो. हात सुटला की शब्द सुटतोच, असं कुणी समजू नये एवढंच.

बिंदुसरा
तेरणा, हे बरं सांगितलंत. आता मी पण थोडं वाचून आलोय. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्याच लोकांनी टाय कशी बांधायची ते तोंडी सांगायला लावलं, काहींना हात मांडीखाली दाबून. बोलण्यात फारसा फरक पडला नाही! टाय ही हातानंच सांगायची गोष्ट, तरीही. मग ताई, पोरगी हात बांधल्यामुळं अडखळली की स्टेजला घाबरून?

पूर्णाकाठ
घाबरलेली होतीच. एका पोरीवरून सिद्धांत मांडायचा नाही, हे मला कळतं. पण १९९६ चा रॉशर, क्राउस आणि चेन यांचा प्रयोगही वाचा. हात हलवू दिला नाही तेव्हा जागा-दिशा सांगणारं बोलणं अडखळलं, बाकीचं नाही. माझी पोरगी रामानंद तीर्थांवर थांबली नाही, तारखांवर थांबली नाही. ओढ्यावर थांबली. तुमचे टायवाले न अडखळता बोलले असतील, पण त्यातून हात बांधून काही फायदा झाला असं कुठं निघतं?

हाळीकर
सर, शिंग लागलं बघा.

बिंदुसरा
लागलं. फायदा झाला असं त्यात नाही, खरंय. जानेवारीत आमच्याकडं तालुक्याची स्पर्धा आहे, नियमपत्रिकेतून ‘हात मागं’ काढायला सांगतो. पण बसवलेली मूठ दिसली की गुण कापणार, त्यात सूट नाही.

पूर्णाकाठ
मूठ सरांची की पोराची, हे खालून कसं ओळखणार?

बिंदुसरा
मांजरातीर सरांनीच सांगितलं की. पोराचा हात शब्दाच्या आधी निघतो. बसवलेला हात ‘शिवराय’ म्हणून झाल्यावर, आठवल्यासारखा वर येतो. इतकी वर्षं बघत होतो, पण आधी-नंतर कधी मोजलं नव्हतं.